राइट केलेल्या सीडीला 'पुनर्प्रकाशन' म्हणू नका

'दुर्मिळ' हा शब्द जुन्या संगीताच्या बाजारात फार स्वस्त झाला आहे. संगीत महोत्सवाच्या मांडवाबाहेर, नाट्यसंमेलनाच्या आवारात, एखाद्या सभागृहाच्या जिन्याखाली एक टेबल मांडलेलं असतंच आणि त्यावर सीडींचे संच असतात. 'दुर्मिळ नाट्यपदे', 'दुर्मिळ ठुमऱ्या', 'दुर्मिळ ध्वनिमुद्रिकांचे पुनर्प्रकाशन'. मुखपृष्ठावर पगडी घातलेला गवई किंवा शालूतले बालगंधर्व. किंमत तीनशे, चारशे. डबी उघडून तबकडी उलटी केली की खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसते.

माझं भांडण त्या हिरवट रंगाशी आहे. आणि त्याहून जास्त, तो रंग लपवून वर 'पुनर्प्रकाशन' असं छापणाऱ्यांशी.

तुमच्यातल्या अनेकांच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, हे मला माहीत आहे. तरीही वाचा. फोनवर तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचं जे नाट्यपद ऐकता, ते लाखेच्या रेकॉर्डवरून उडी मारून फोनमध्ये आलेलं नसतं. कुणीतरी ती रेकॉर्ड वाजवून संगणकात घेतलेली असते, तिची सीडी केलेली असते, ती दुसऱ्या कुणी विकत घेतलेली असते आणि तिसऱ्याच कुणीतरी ती अपलोड केलेली असते. मधली कडी कच्ची असेल तर तुमच्यापर्यंत काही पोचणारच नाही, आणि काय पोचलं नाही हे तुम्हाला कधी कळणारही नाही.

आपल्याकडे पूर्वी दोन शब्द रुळले होते. 'कंपनीची सीडी' आणि 'राइट केलेली सीडी'. शाळकरी पोरालाही फरक माहीत होता. कंपनीची सीडी अक्षरशः छापली जाते. काचेच्या मास्टरवरून निकेलचा साचा बनतो, त्या साच्यावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं जातं आणि गाणं सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात प्लास्टिकच्या अंगावरच उमटतं. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लॅकर, त्यावर चित्र-नावं. राइट केलेल्या सीडीत असे खड्डे नसतात. तिथे प्लास्टिक आणि चकचकीत थर यांच्यामध्ये एक सेंद्रिय रंग पसरलेला असतो. संगणकातला लेझर तो रंग जागोजागी तापवून त्याचा गुण बदलतो आणि प्लेअरला ते डाग खड्ड्यांसारखे वाटतात. हिरवट, निळसर जे दिसतं ते हेच. रंग कुठला वापरला त्यावर छटा ठरते. जो रंग प्रकाशाच्या झोतानं बदलावा म्हणूनच बनवलाय, तो ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनीही हळूहळू बदलत राहतो. छापलेल्या खड्ड्याला उन्हाचं असं काही वाटत नाही.

एक गैरसमज इथेच बाजूला करतो, कारण तो माझ्याच बाजूचे लोक पसरवतात. छापील सीडीचा आवाज जास्त 'भरीव' असतो, राइट केलेलीचा 'कोरडा', असं छातीठोकपणे सांगणारे रसिक मला भेटले आहेत. तसं काही नसतं. दोन्हींवर तेच सोळा बिट, सेकंदाला तेच ४४,१०० नमुने. नीट राइट केलेली ताजी सीडी आणि छापील सीडी यांत कानाला फरक कळायचं कारण नाही. आज ती कशी वाजते यावर माझा काही आक्षेप नाही. पंधरा पावसाळ्यांनंतर ती वाजते का, एवढंच मी विचारतो.

माझ्याकडचा एक संच आहे. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. तीन सीडींचा, नाट्यपदांचा, २००६ मध्ये सहाशे रुपयांना घेतलेला. सुंदर रंगीत मुखपृष्ठ, आत चार पानी मजकूर आणि तबकडीवर गोल छापील स्टिकर. कुठेही 'राइट केलेली' असा शब्द नाही. २०१९ च्या पावसाळ्यात दुसरी सीडी शेवटच्या दोन पदांवर अडखळायला लागली. आधी टिकटिक, मग एकच ओळ पुनःपुन्हा, मग शांतता. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात आणि खराबी बहुतेक वेळा कडेकडूनच आत शिरते. विक्रेत्याला फोन केला. प्लेअरची लेन्स पुसा, म्हणाला. पुन्हा केला. ते काम आता बंद केलं, म्हणाला. मग ती गाणी तुमच्या संगणकात असतील? हार्ड डिस्क केव्हाच उडाली. मूळ रेकॉर्ड? त्या एका संग्राहकांच्या होत्या, ते गेले, घरच्यांनी भंगारात दिल्या.

त्या दोन पदांपैकी एक अशा गायिकेचं होतं जिचं नाव मला त्या चार पानांखेरीज कुठेच सापडलेलं नाही. तीन मिनिटांची एक बाजू. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली, एका जाणकाराकडे देऊन पाहिली. निघाली नाही. तो संच विकत घेणारे आणखी काही जण असतील, त्यांच्यातल्या एखाद्याकडे ती वाजत असेलही. पण त्यांची नावं कुणाकडे नाहीत.

सहाशे रुपयांचं मला काही वाटत नाही. लाखेची जी रेकॉर्ड ऐंशी-नव्वद वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर टिकली होती, तिला 'वाचवलं' असं जाहीर झालं आणि तेरा वर्षांत ती गेली, याचं वाटतं. सीडी झाली म्हटल्यावर घरच्यांनी निर्धास्तपणे रेकॉर्ड भंगारात दिल्या. त्यांचा काय दोष? त्यांना 'पुनर्प्रकाशन झालंय' असंच सांगितलं गेलं होतं.

ही खराबी कपटी असते. सीडीच्या रचनेतच चुका दुरुस्त करायची सोय आहे. तबकडीवर अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा वाचता आला नाही तरी प्लेअर आजूबाजूच्या माहितीवरून तो बिनचूक भरून काढतो. त्यामुळे रंग उडायला लागला, चुका वाढायला लागल्या, तरी कानाला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. दुरुस्तीची ताकद संपते त्या दिवशी गाणं एकदम कोसळतं. लाखेची रेकॉर्ड म्हातारी होते तेव्हा खरखरते, तडकते, पण तडकलेल्या रेकॉर्डमधूनही बाई गाताना ऐकू येतात. रंग गेलेल्या सीडीतून काहीच ऐकू येत नाही.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं: अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनंच म्हटलंय, या सीडी शंभर ते दोनशे वर्षं टिकतात. होय, एनआयएसटी या संस्थेच्या २००३ च्या पुस्तिकेत तो आकडा आहे. पण वाक्य पूर्ण वाचा. तो आकडा चाचण्या करणाऱ्या उत्पादकांच्या मताचा आहे आणि त्याला अट आहे: शिफारस केलेल्या परिस्थितीत ठेवल्यास. ती परिस्थिती म्हणजे तापमान ४ ते २० अंश, आर्द्रता २० ते ५० टक्के. आता गिरगावातली एखादी चाळ, रत्नागिरीतलं कौलारू घर किंवा फोंड्यातली माडी डोळ्यांसमोर आणा आणि जुलै महिना आणा. चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तिथे आपण शंभर वर्षांच्या गोष्टी करतोय. त्याच पुस्तिकेत तबकडीवर चिकट लेबल लावू नका असंही सांगितलंय. आपल्या 'दुर्मिळ' संचांवर तेच गोल स्टिकर असतं, आणि पावसाळ्यात त्याची कड सुटते तेव्हा खालचं लॅकर सोबत येऊ शकतं. सीडीचा नाजूक भाग वरचा असतो, हे फार जणांना माहीत नाही. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचं संरक्षण आहे. वरून फक्त लॅकरचा एक पापुद्रा.

युनेस्कोनं २००६ मध्ये केव्हिन ब्रॅडली यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला होता, खास याच विषयावर: राइट केलेल्या सीडी-डीव्हीडींवर संग्रहालयांनी विसंबण्यातले धोके. सूर स्पष्ट होता. काटेकोर, नियमित चाचणी करायची तयारी आणि यंत्रणा नसेल तर या डिस्कवर एकमेव प्रत म्हणून भरवसा टाकू नका. म्हणजे माझा संच मी घेतला त्याच वर्षी ही गोष्ट छापून आलेली होती.

थोडं मागे जाऊ, कारण हा वाद सीडीपेक्षा जुना आहे. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेत. एका वेळी फार थोडी नळकांडी भरता येत, म्हणून अधिक प्रती हव्या असतील तर गायकाला तेच गाणं पुनःपुन्हा गावं लागे. एमिल बर्लिनरची सपाट तबकडी जिंकली त्यात एक मोठं कारण हे होतं की तिचा साचा करता येत होता. एकदा गायलं, साचा झाला, मग हव्या तेवढ्या छापा. १९०२ मध्ये फ्रेड गायजबर्ग कलकत्त्याला आला, गौहर जाननं त्याच्या भोंग्यासमोर गायलं, आणि त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून बोटीनं परत आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला छापखाना निघाला. लाख तर आपल्याकडचीच. तिथून पुढे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, मास्टर दीनानाथ, हिराबाई हे सगळे आपल्यापर्यंत पोचले ते त्यांच्या प्रती घराघरांत विखुरल्या म्हणून. एका वाड्याला आग लागली, दुसऱ्या वाड्यात पूर शिरला, तिसऱ्याच्या वारसांनी भंगार काढलं, तरी चौथ्याच्या माळ्यावर तीच रेकॉर्ड होती. कुठल्याही कंपनीनं हे 'जतन' म्हणून केलेलं नव्हतं. धंदा केला होता. पण छापणं आणि विखुरणं यातून जतन आपोआप घडलं.

(आवाज फार लांब टिकवायचा असला की माणसं काय करतात पाहा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' गेलं, तेव्हा ते सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, खाचेच्या रूपात गेलं.)

राइट केलेली सीडी आपल्याला परत मेणाच्या नळकांड्याकडे नेते. एकेक प्रत, गिऱ्हाईक येईल तशी. टेबलवाल्यानं रात्री घरी बसून वीस प्रती केल्या, बारा खपल्या, पुढच्या वर्षी दहा केल्या. पाच-सात वर्षांत शंभरही होत नाहीत. त्या सगळ्या त्याला त्या वेळी जी स्वस्तात मिळाली त्या कोऱ्या डिस्कवर केलेल्या, त्यामुळे सगळ्या साधारण एकाच सुमाराला म्हाताऱ्या होणार. आणि कोऱ्या डिस्कचंही सांगतो. ज्यांचा माल सगळ्यात भरवशाचा मानला जायचा ती जपानची तैयो युदेन २०१५ च्या अखेरीस या धंद्यातून बाहेर पडली. आपल्या नोएडाची मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. तिचं नाव तुमच्या घरातल्या जुन्या सीडींवर बहुतेक सापडेलच. २०१८ मध्ये ती मोडीत निघाली. आज जो कुणी 'ऑर्डर आली की राइट करून देतो' म्हणतो, तो कशावर राइट करतो हे त्यालाही नेमकं ठाऊक नसतं.

पण माझा खरा राग टिकाऊपणापेक्षाही एका वेगळ्या गोष्टीवर आहे. राइट केलेल्या सीडीला आवृत्ती नसते.

पुस्तकाचं पाहा. पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण, वर्ष, प्रकाशक. चूक राहिली तर ती सगळ्या प्रतींत राहते, म्हणून छापण्याआधी कुणीतरी तीनदा मुद्रितं तपासतो. पाचशे सीडी छापायच्या असतील तर तोच धाक असतो. आणि जुन्या रेकॉर्डमध्ये तपासायला पुष्कळ असतं. आपण '७८ आरपीएम' म्हणतो खरं, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या रेकॉर्ड ७८ च्या वेगानं कोरलेल्या नव्हत्या. वेग सहा टक्क्यांनी चुकला की गाणं एक सूर सरकतं. काळी चारचा गवई पांढरी सहात गाऊ लागतो, आणि ताना अमानवी वेगानं धावतात. मग समीक्षक लिहितात, 'काय तो तयारीचा गळा!' लेबलवरचा क्रमांक, मेणावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, साथीला कोण, नाटकाचं नाव बरोबर आहे का, एका बाजूचं गाणं दुसऱ्या बाजूला पुरं होतं का, हे सगळं पाहावं लागतं. राइट करणारा म्हणतो, 'चुकलं तर पुढच्या प्रतीत बदलू.' आणि बदलतोही. मग एकाच मुखपृष्ठाखाली तीन वेगवेगळे संच फिरतात. माझ्याकडे खरखर ठेवलेलं गाणं, तुमच्याकडे खरखर घालवताना आवाजाचा वरचा पट्टाच छाटून टाकलेलं, तिसऱ्याकडे त्या जागी भलतंच पद. उद्या कुणी अभ्यासक या संचाचा दाखला देईल तो नेमका कशाचा?

'पण हजार प्रती छापायला पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला मी उडवून लावत नाही. छापखाना सहसा पाचशे-हजारच्या खाली हलत नाही. साचा एकदा करावाच लागतो, मग प्रती कितीही असोत. विस्मृतीत गेलेल्या गायिकेच्या चोवीस बाजू, म्हणजे एका सीडीचा ऐवज, विकत घेणारे हजार लोक महाराष्ट्रात नाहीत. अडीचशे असतील. अशा वेळी राइट केलेली सीडी नाही म्हटलं तर त्या चोवीस बाजू कुठेच येणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांशी मी बराच सहमत आहे.

फक्त ते कसं करायचं याचं उदाहरण आधीपासून आहे. अमेरिकेत मोझेस अ‍ॅश यांनी १९४८ मध्ये फोकवेज रेकॉर्ड्स काढली. लोकगीतं, आदिवासींची गाणी, बेडकांचे आवाज, काहीही. तिथे एक नियम होता: खपो वा न खपो, एकदा काढलेली रेकॉर्ड यादीतून काढायची नाही. १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेनं तो सगळा संग्रह घेतला तो याच अटीवर की सर्वच्या सर्व २,१६८ शीर्षकं मिळत राहतील. त्यांतली बरीचशी वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खपणारी. ती त्यांनी मागणीप्रमाणे आधी कॅसेटवर, मग राइट केलेल्या सीडीवर दिली. तिला मी पुनर्प्रकाशन म्हणायला तयार आहे. कारण डिस्क मेली तरी मागे संस्था आहे, मूळ टेप सांभाळलेली आहे, यादी आहे, टिपणांची पुस्तिका आहे, आणि पुन्हा मागितलं तर पुन्हा मिळतं. अमेरिकेतल्याच आर्काइव्हम्युझिकनं बाजारातून गेलेल्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सीडी कंपन्यांकडून रीतसर परवाना घेऊन अशाच मागणीप्रमाणे राइट करून विकल्या. तिथेही डिस्कमागे कुणीतरी उभं होतं. आपल्या टेबलामागे कोण उभं असतं? पुढच्या डिसेंबरात तोच माणूस असेल याचीही खात्री नाही.

छापील सीडीही मरतात, हे मी लपवत नाही. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान छापलेल्या अनेक सीडी कडेपासून तपकिरी पडत गेल्या, कारण वरचं लॅकर पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला टिकाव धरेना. त्यात पर्ल या लेबलच्या सीडीही होत्या, आणि पर्ल म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या पुनर्प्रकाशनातलं मोठं नाव. मला हे उदाहरण विरोधकांकडून नेहमी ऐकवलं जातं. पण पुढचं ऐका. त्या प्रत्येक तबकडीवर कारखान्याचं नाव होतं. कारखान्यानं दोष मान्य केला आणि लोकांना सीडी बदलून दिल्या. दोष कुठे आहे हे शोधता आलं, कारण वस्तूनं स्वतःची ओळख अंगावर बाळगली होती. माझ्या संचावर एक मोबाइल क्रमांक होता.

कायद्याच्या बाजूनं तर हे काम आज कधी नव्हे इतकं मोकळं आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये, गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. म्हणजे 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर' यांतल्या पदांच्या जुन्या रेकॉर्ड कुणीही बाहेर काढू शकतो. चांगलंच आहे. मला कुणाची मक्तेदारी नको. पण जिथे हक्क विचारायला कुणी येत नाही, तिथे जबाबदारी विचारायलाही कुणी येत नाही, आणि त्या मोकळिकीचा फायदा अभ्यासू माणसापेक्षा घाईवाल्यानं आधी घेतला.

संग्राहकांबद्दलही बोललं पाहिजे, जरी त्यांच्या उपकारांखाली आपण सगळे आहोत. चोर बाजारात, जुन्या बाजारात उन्हातान्हात फिरून त्यांनी या रेकॉर्ड वाचवल्या. त्यांच्यातले काही मात्र राइट केलेल्या सीडीवर खूश असतात ते नेमक्या याच कारणासाठी, की ती फार पसरत नाही. श्रवणसभेत वाजवायची, वाहवा घ्यायची, दोन मर्जीतल्या माणसांना एकेक प्रत द्यायची. छापलं की गाणं सगळ्यांचं होतं आणि 'हे फक्त माझ्याकडे आहे' हे वाक्य मरतं. दुर्मिळता टिकवून धरण्यात काहींचा स्वार्थ आहे, एवढंच म्हणतो.

आणि तुमचं उत्तर मला माहीत आहे: यूट्यूबवर सगळं आहे की. 'सगळं' आहे हे कसं कळलं? जे नाही ते शोधात येत नाही. जे आहे त्यातलं पुष्कळसं अशाच राइट केलेल्या सीडीवरून घेतलेलं, दाबून बारीक केलेलं, वर चॅनेलचा शिक्का मारलेलं आहे. चॅनेलवाल्याचा उत्साह संपला किंवा कुणी हक्काचा खोटा-खरा दावा ठोकला, की एका रात्रीत चारशे गाणी जातात. खाली टिपणं नाहीत, मॅट्रिक्स क्रमांक नाहीत, कधीकधी गाणाऱ्याचं नावही चुकीचं.

मग करायचं काय? मराठीत एक फार चांगली जुनी रीत आहे: प्रकाशनपूर्व सवलत. जाडजूड कोश, चरित्रग्रंथ याच रीतीनं निघाले. आधी नावं नोंदवा, पैसे भरा, मग छापू. अडीचशे रसिक आधी पैसे भरणार असतील तर पाचशे सीडी छापता येतात. उरलेल्या अडीचशे ग्रंथालयांना, संगीत विद्यालयांना, विद्यापीठांना फुकट पाठवा. त्याच पैशात विकत घेणाऱ्याला फ्लॅकसारख्या, आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइली उतरवून घ्यायची सोय द्या, म्हणजे ज्याच्याकडे प्लेअर नाही तोही घेईल. तुम्हीही घ्याल. हे होण्यासारखं नसेल तर खुशाल राइट करून विका, पण डबीवर मोठ्या अक्षरांत 'राइट केलेली सीडी' असं लिहा. राइट केल्याची तारीख घाला, डिस्क कुणाची ते घाला, दहा वर्षांत बंद पडली तर फाइल देऊ असं लेखी द्या. किंमत अर्धी करा. 'पुनर्प्रकाशन' हा शब्द काढा, 'प्रत' म्हणा. आणि फाइली एका जागी ठेवू नका, दोन-तीन संस्थांकडे द्या.

हे मागायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. टेबलापाशी उभं राहून 'ही छापलेली आहे की राइट केलेली?' एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. विक्रेता म्हणेल, 'सेमच असतं हो.' तबकडी तिरकी धरून खाली पाहा. चांदीसारखी पांढरी असेल आणि आतल्या कड्याजवळ बारीक अक्षरांत क्रमांक उमटलेला असेल, तर बहुधा छापलेली. हिरवट, निळसर, सोनेरी झाक असेल तर राइट केलेली. काही डिस्कवर ही झाक इतकी फिकट असते की खिडकीच्या उजेडात न्यावी लागते. न्या.

घरातल्यांचं मात्र थांबून चालणार नाही. आजोबांच्या कपाटात, टीव्हीखालच्या खणात एक चेनचं पाकीट असेल, त्यात चाळीसेक सीडी, काहींवर मार्करनं लिहिलेलं: 'गंधर्व १', 'आईचं भजन', 'काकांचा कार्यक्रम २००३'. शंभरातल्या नव्वद राइट केलेल्या असणार. सीडी ड्राइव्ह असलेला एखादा जुना संगणक अजून कुणाकडे तरी असतो, किंवा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवता येतो. एका रविवारी बसा. न दाबलेल्या फाइली काढा, दोन ठिकाणी ठेवा, पाकिटावर जे लिहिलंय ते फाइलीच्या नावात लिहा, आणि आजोबा असतील तर गाणारं कोण आहे ते आत्ताच विचारून घ्या. कुठल्या सीडीपासून सुरुवात करायची हे कळत नसेल तर प्रत्येकीचं शेवटचं गाणं आधी लावून पाहा. जी तिथे अडखळेल, ती पहिली.